डाय हाऊसच्या कपाटातलं सोनं

जुन्या कॉम्प्युटरमधून सोनं काढायला जी रसायनं लागतात, ती जवळजवळ सगळी सोलापुरातल्या टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या डाय हाऊसमध्ये आधीपासून असतात. सूत पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कॅन असतात. काही ठिकाणी अजून सोडियम हायपोक्लोराइट चालतं, आणि मग सुतात राहिलेला क्लोरीन मारायला मेटाबायसल्फाइट. मागच्या बाजूला ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करतात तिथे, हिराकस आणि चुन्याची पोती रचलेली. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या अशाच एका डाय हाऊसच्या लॅबमध्ये शेड जुळवतो. बीएस्सी केमिस्ट्री झाल्यापासून हेच काम. त्यामुळे मामेभावानं रॅममधून सोनं काढणाऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ मोबाईलवर दाखवला, तेव्हा सोन्याआधी माझं लक्ष त्या माणसाच्या बाटल्यांकडे गेलं. सगळ्या ओळखीच्या.

मामेभावाचं नव्या पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गल्लीगल्लीत सायबर कॅफे होते तेव्हापासून काढून ठेवलेला माल त्याच्या माळ्यावर पडून होता: रॅमच्या पट्ट्या, मॉडेमची आणि साउंडची कार्डं, मदरबोर्डांची थप्पी. आणि त्याचे वडील, म्हणजे माझे मामा, गलाईवाले. आटपाडीचे. खानापूर, आटपाडी, सांगोला हा सगळा कमी पावसाचा पट्टा. तिथली माणसं सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन पार तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरली. मामांचं आयुष्य कोइमतूरच्या सराफ बाजारात गेलं. जुनी मोड, कानशीचा कीस, दुकानातली झाडलेली धूळ, हे सगळं तेजाबात आणि मुशीत घालून त्यातून शुद्ध सोनं काढायचं. आता ते जुळे सोलापुरात मुलाकडे असतात आणि दिवसभर टीव्हीवर भाव बघतात. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला तेव्हापासून तर जास्तच.

म्हणजे माल एकाकडे, रसायनं माझ्याकडे, आणि आगीवरचा हात मामांचा. उरली होती फक्त शेठची परवानगी. ती त्यांनी दिली, पण अटी घालून. काम लॅबच्या फ्यूम हूडखालीच, म्हणजे विषारी धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या काचेच्या कपाटातच करायचं, पाळी सुटल्यावर करायचं, आणि ईटीपीच्या सुपरवायझरला विचारल्याशिवाय एक थेंबही मोरीत जाता कामा नये. "आणि घरी नेऊन काय करशील तर याद राख," हे वर. शेठचं बरोबर होतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार हा धंदा करायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. आम्हाला धंदा करायचा नव्हता, एकदा करून बघायचं होतं. पण मुरादाबादला रामगंगेच्या काठावर बोर्ड जाळून त्याची राख धुणाऱ्या लोकांबद्दल वाचलेलं होतं. त्या काळ्या राखेचं पुढे काय होतं तेही.

मामांनी आधी मालच नापास केला. रॅमची एक पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली, कडेच्या पिवळ्या बोटांवरून, म्हणजे खाचेत टेकणाऱ्या सोनेरी टोकांवरून, नख फिरवलं आणि म्हणाले, "आरं, हे निस्तं दाखवायला हाय. याच्यापरीस सराफाची धूळ बरी."

मी त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला. डीडीआर रॅमच्या पट्टीला दोन्ही बाजूंची मिळून १८४ बोटं असतात. एक बोट साधारण १ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर लांब. म्हणजे सगळं मिळून ५५२ चौरस मिलिमीटर. त्यावर सोन्याचा थर अर्धा ते पाऊण मायक्रॉन. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड. गुणाकार केला की एका पट्टीत पाच ते आठ मिलिग्रॅम सोनं निघतं. गुंज साधारण १२२ मिलिग्रॅमची, म्हणजे एका गुंजेला पंधरा ते चोवीस पट्ट्या. मामांनी कागद दूर धरून बघितला. "आणि पट्ट्या किती हैत?" अडीचशेच्या आसपास होत्या, वर किरकोळ कार्डं. "म्हंजे धा ते सोळा गुंजा," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. तोंडी हिशोबात मामा माझ्या कॅल्क्युलेटरच्या पुढे होते.

एवढं पातळ सोनं लावतातच कशाला, हा त्यांचा पुढचा प्रश्न. सोनं गंजत नाही. रॅम खाचेत बसवली की धातूला धातू टेकतो आणि तिथून अगदी बारीक करंट जातो. तांबं असेल तर वर्षभरात काळं पडून वाट अडवेल. म्हणून तांब्यावर आधी निकेलचा थर देतात, कारण सोनं थेट तांब्यावर चढवलं तर तांबं हळूहळू सोन्यातून वर येतं. त्या निकेलवर सोनं. रॅम काढता-घालताना घासलं जाऊ नये म्हणून त्या सोन्यात थोडं कोबाल्ट किंवा निकेल मिसळलेलं असतं. मदरबोर्डावरच्या इतर पिवळ्या ठिपक्यांवरही सोनं असतं, पण एक मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून जास्त नाही. त्याच्या मागे लागायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं.

बोटं कापायचं काम सगळ्यात कंटाळवाणं. पत्रा कापायच्या कात्रीनं पट्टीची फक्त पिवळी कड कापायची. वर कथलाचा डाग दिसला की कात्री खाली घ्यायची. कथील आत गेलं आणि पुढे नायट्रिक ॲसिड वापरलं तर त्याची पांढरी लापशी होते, फिल्टर पेपर बंद पडतो आणि सोनं त्या लापशीत अडकतं. जुन्या डाकात शिसंही असतं, ते वेगळंच. मामेभाऊ दुकानात बसून गिऱ्हाईक नसेल तेव्हा कापायचा. फायबरची धूळ उडते म्हणून तोंडाला रुमाल. रविवारी मामाही बसायचे. त्यांच्या हातचे तुकडे सगळे एका मापाचे. शेवटी अर्धा किलोच्या जरा वर माल झाला.

गलाईत मामांची रीत अशी: सगळं तेजाबात टाकायचं, तांबं-चांदी विरघळवायची, सोनं खाली बसतं. शोऱ्याचं तेजाब, म्हणजे नायट्रिक, तांबं खातं पण सोन्याला हात लावत नाही. मला नायट्रिक नको होतं. त्याचा तांबडा धूर फुप्फुसात गेला तर त्रास कधीकधी काही तासांनी उठतो, तोवर माणूस जेवून झोपलेला असतो. आणि आमच्याकडे ते ठेवतही नाहीत. म्हणून आम्ही हायड्रोक्लोरिक आणि पेरॉक्साइडची वाट धरली.

या वाटेची गंमत अशी की पेरॉक्साइड फक्त सुरुवात करून देतं. आमच्याकडे येतं ते पन्नास टक्क्यांचं. हातावर पडलं की बोटं पांढरी पडतात आणि चुरचुरतात, डाय हाऊसमधल्या प्रत्येक पोराला ते माहीत असतं. ते पातळ करून तीन टक्क्यांवर आणलं आणि ॲसिडात थोडंसंच घातलं. तुकड्यांच्या कडांना बुडबुडे आले, पाणी हिरवट झालं. थोडं तांबं विरघळलं की त्याचं कॉपर क्लोराइड बनतं, आणि मग तेच कॉपर क्लोराइड पुढचं तांबं खायला लागतं. खाताना ते दमतं, रंग गडद तपकिरी होतो. हवेतला ऑक्सिजन मिळाला की पुन्हा हिरवं आणि पुन्हा कामाला तयार. म्हणून मी माशांच्या टाकीचा छोटा पंप आणून त्याची नळी बादलीत सोडली. झाकण सैलच ठेवलं, घट्ट बंद केलं असतं तर वायूनं बादली फुगली असती.

यात घाई करून उपयोग नसतो. तांबं सोन्याखाली दडलेलं असतं आणि ॲसिडाला कडेनं आत शिरावं लागतं. खालचं तांबं आणि निकेल गेलं की सोन्याचा पापुद्रा आपोआप सुटून तरंगायला लागतो. आठवडाभर जातो. सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती, रात्री गारठा होता, त्यामुळे आमचं जरा रेंगाळलं. पण एप्रिल-मेमध्ये हे काम मी हातात घेतलं नसतं. सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत हायड्रोक्लोरिकची बाटली उघडली तरी धूर निघतो. थंडीतसुद्धा हूडजवळच्या कपाटाच्या बिजागऱ्या त्या आठवड्यात गंजल्या.

पेरॉक्साइड जास्त पडलं तर थोडं सोनंही विरघळतं, अशी भीती व्हिडिओंखाली बरेच जण घालतात. ती फुकटची. बादलीत तांबं शिल्लक आहे तोवर विरघळलेलं सोनं त्या तांब्यावर परत बसतं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग! सोनं कुठं पळून जातंय?" त्यांना ते आधीपासून माहीत होतं, फक्त कॉपर क्लोराइड हे नाव माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी पंप बंद केला आणि ढवळलं, तर हिरव्या पाण्यात पिवळे पापुद्रे वर आले. प्रत्येक पापुद्रा बोटाच्या आकाराचा, इतका पातळ की उजेडापुढे धरला तर कडा दिसेनाशी होते. मामेभावानं फोटो काढले. मामांनी काही काढलं नाही. ते वाकून बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "तांब्याचा किती खर्च केला बघ यांनी."

प्लास्टिकच्या चाळणीतून फायबरचे तुकडे वेगळे केले, पापुद्रे फिल्टर पेपरवर घेतले. इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या हिरव्या-तपकिरी पाण्यात थेट साधं पाणी ओतलं की पांढरा गाळ बसतो. तो क्युप्रस क्लोराइडचा, म्हणजे त्या दमलेल्या कॉपर क्लोराइडचा. ॲसिड पातळ झालं की ते विरघळलेलं राहत नाही. म्हणून पहिलं धुणं पातळ ॲसिडनं, पाणी नंतर. आणि पाणीही नळाचं नाही. सोलापुरात नळ रोज येत नाही, म्हणून जपून वापरायची सवय सगळ्यांनाच असते, पण इथे कारण वेगळं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यांनी फिल्टरवर आणखी घाण वाढते. लॅबला डीएम प्लँटचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी मिळतं, ते वापरलं.

पापुद्रे म्हणजे अजून शुद्ध सोनं नव्हे. त्यात कोबाल्ट असतं, फायबरचा कचरा असतो, अधूनमधून चिकटलेलं तांबं असतं. म्हणून आता सोनंच विरघळवायचं आणि एकटं परत खाली पाडायचं.

यावरून मामांचं नि माझं थोडं वाजलं. त्यांचं मत अम्लराजाचं: तीन भाग मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि एक भाग शोऱ्याचं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं. अडचण अशी की त्यातलं उरलेलं नायट्रिक तापवून तापवून घालवावं लागतं. ते राहिलं तर एकीकडे सोनं पाडायचं आणि दुसरीकडे तेच परत विरघळायचं, असं चालू राहतं. माझं म्हणणं, हायड्रोक्लोरिकमध्ये हायपोक्लोराइट थोडं थोडं सोडू. क्लोरीन निघेल, तो सोनं विरघळवेल, आणि काम झाल्यावर जरा कोमट केलं की उरलेला क्लोरीन उडून जाईल.

उडून जाईल म्हणजे कुठे, हा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा. हा वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता. आमच्या डाय हाऊसमध्ये हायपोक्लोराइटचे ड्रम आणि ॲसिडचे कॅन वेगळ्या खोल्यांत असतात, मधल्या भिंतीवर ठळक पाटी आहे, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात. घरात संडास धुताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतून बेशुद्ध पडलेल्यांच्या बातम्या अधूनमधून येतातच. हे फक्त चालू हूडखाली, काच खाली ओढून, आणि ड्रॉपरनं करायचं. मामांना मी काचेच्या पलीकडे स्टुलावर बसवलं. कोइमतूरला ते उघड्या गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून हे काम करायचे. त्यांना रात्रीचा खोकला येतो तो कशामुळे, हे मी विचारलं नाही. मामींनी मात्र एकदा न विचारता सांगितलं होतं.

पापुद्रे बघता बघता गेले. बीकरमध्ये उरलं पिवळंधमक पाणी आणि तळाशी फायबरचा राखाडी गाळ. ते दोनदा गाळून घेतलं, स्वच्छ पारदर्शक पिवळं होईपर्यंत.

आता या पाण्यात सोनंच आहे कशावरून? त्याची परीक्षा माझ्या आवडीची. शुद्ध कथलाचा छोटा तुकडा हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवायचा, झालं स्टॅनस क्लोराइड. फिल्टर पेपरवर पिवळ्या पाण्याचा एक थेंब, त्यावर याचा एक थेंब. डाग जांभळा-काळा झाला तर सोनं आहे. या रंगाला कॅशियसचं जांभळं म्हणतात. सतराव्या शतकातल्या आंद्रेआस कॅशियसच्या नावावरून ते नाव पडलं. लाल काचेत आणि चिनी मातीच्या भांड्यांवर हाच रंग वापरत आलेत. रंग म्हणजे दुसरंतिसरं काही नसून सोन्याचेच अतिसूक्ष्म कण. मी दिवसभर रंग बघूनच पोट भरतो, पण असं जांभळं आमच्या कुठल्याच शेड कार्डावर नाही. मामेभावाला तो कागद ठेवून घ्यायचा होता. मी देऊन टाकला.

सोनं खाली पाडायला मामांनी हिराकस सुचवला. त्यात तथ्य होतं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, ते सोनं पाडतं आणि तांब्याला पाण्यातच राहू देतं. पण आमच्या ईटीपीतला हिराकस गोणीतला, अर्धा गंजलेला, मातीसकट. लॅबमध्ये चांगल्या प्रतीचं मेटाबायसल्फाइट होतं. ते पाण्यात विरघळवून हळूहळू ओतलं. पहिल्या धारेबरोबर काडेपेटी ओढल्यावर येतो तो सल्फर डायऑक्साइडचा वास, मग पिवळा रंग उतरायला लागला, पाणी मातकट झालं, आणि बीकरच्या मध्यभागी तपकिरी ढग तयार होऊन खाली बसू लागला. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी वरचं पाणी निवळलेलं, तळाला नाचणीच्या पिठासारखी तपकिरी पूड. चकाकी अजिबात नाही. वरच्या पाण्याचा थेंब घेऊन पुन्हा स्टॅनसची परीक्षा केली, डाग पडला नाही. म्हणजे पाण्यात सोनं उरलं नव्हतं.

मामेभावाचा चेहरा पडला. पापुद्रे असताना सोनं दिसत तरी होतं, आता बीकरच्या तळाला माती. मामा मात्र पहिल्यांदाच खुशीत दिसले. ही पूड त्यांच्या ओळखीची होती. "हां, आत्ता सोनं झालं," म्हणाले.

पूड गरम ॲसिडनं आणि गरम पाण्यानं आळीपाळीनं धुतली, धुणं रंगहीन येईपर्यंत. ओतताना पूड बीकरच्या तोंडाशी येते की काय म्हणून श्वास रोखला जातो. गलाईच्या काही पद्धतींत मध्ये अमोनियाचं धुणं असतं, चांदीचं क्लोराइड काढायला. ते मी केलं नाही. अमोनिया आणि सोन्याचे क्षार एकत्र राहून वाळले तर त्यातून हात लावताच स्फोट होणारा पदार्थ तयार होऊ शकतो. रॅमच्या बोटांत चांदी जवळपास नसतेच, मग तो धोका कशाला घ्यायचा.

भट्टीसाठी मामांनी सराफ बाजारातलं एक गलाईचं दुकान गाठलं. दुकानदार त्यांच्याच तालुक्यातला निघाला. निघणारच. "कुठलं गाव? कुणाचं?" असं होऊन चहा येईपर्यंत अर्धा तास गेला. मग मूस तापली. मामांनी आधी तिला आतून टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा थर दिला, तो वितळून काचेसारखा पसरला की रवा, म्हणजे सोन्याचा गोळा, मुशीला चिकटत नाही. पूड फिल्टर पेपरच्याच पुडीत बांधून आत ठेवली, कारण सुट्टी पूड ज्योतीच्या झोतानं उडते. वर टाकणखाराची चिमूट आणि शोऱ्याचे दोन खडे. शोरा उरलंसुरलं तांबं आणि कोबाल्ट जाळून टाकणखारात ढकलतो. मग गॅस नि ऑक्सिजनची ज्योत.

सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. कागद जळाला, पूड लाल झाली, आक्रसली, आणि काही काळ काहीच घडेना. मामा ज्योत थोडी लांब-जवळ करत होते, थर्मामीटर वगैरे काही नाही. "आता बघ," म्हणाले, आणि पुडीचे लालभडक गोळे एकमेकांत शिरून एक थेंब झाला. तो मुशीत फिरायला लागला. मामांनी मूस तिरकी करून तो थेंब सगळ्या बाजूंनी फिरवला, तळाला अडकलेले बारीक कण त्यानं गिळून घेतले. ज्योत बाजूला केली. थेंब पिवळा होताना मधे एकदा हिरवट झाक आली, मग स्थिर झाला. सत्तरी ओलांडलेल्या मामांचा हात एरवी चहाचा कप धरताना थरथरतो. या वेळी थरथरला नाही.

रवा पाण्यात टाकला, टाकणखाराची काच तडकून सुटली. वजन १.४१ ग्रॅम. बारा गुंजांना जरा कमी. कागदावरच्या हिशोबात तो बरोबर बसला, आणि खरं सांगायचं तर मला सोन्यापेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

मामांनी कसोटीवर रेघ ओढून तेजाबाचा थेंब दिला, रेघ तशीच राहिली. शेजारच्या टंच, म्हणजे शुद्धता काढणाऱ्या मशीनवाल्यानं क्ष-किरणांखाली ठेवून ९९.१ टक्के सांगितलं. त्यानं विचारलं, मोड कसली होती? मामेभाऊ म्हणाला, कॉम्प्युटरची. मशीनवाल्यानं रवा पुन्हा मशीनमध्ये ठेवला. आकडा तोच आला.

लाखाच्या भावानं धरलं तरी चौदा हजारांचं सोनं. ऐकायला बरं वाटतं. पण रॅमच्या पट्ट्या अख्ख्या, किलोवर विकल्या असत्या तरी मामेभावाला चांगले पैसे आले असते, कारण भंगार घेणाऱ्यांनाही त्यातलं सोनं माहीत असतं आणि ते त्याच हिशोबानं भाव देतात. त्यातून ॲसिड, गॅस-ऑक्सिजन, फिल्टर पेपर आणि टंचाचे पैसे वजा करा. तिघांची मजुरी तर धरलीच नाही. हुट्टीची सोन्याची खाण सोलापूरपासून फार लांब नाही, रायचूर जिल्ह्यात. तिथल्या एका टन दगडात सोनं निघतं ते थोड्या ग्रॅमांत मोजायचं, आणि जुन्या मदरबोर्डांच्या एका टनात दोनशे ग्रॅमच्या आसपास, असं लोक सांगतात. आकडा खरा आहे. पण टनभर मदरबोर्ड गोळा कोण करणार, आणि त्या दोनशे ग्रॅमबरोबर दीड-दोनशे किलो तांबं, कथील, शिसं नि जळकं प्लास्टिक येतं ते कुठे ठेवणार, हे कुणी सांगत नाही.

आमच्या अर्ध्या किलोचीच गोष्ट घ्या. सोनं काढून झालं तेव्हा लॅबच्या कोपऱ्यात हिरव्या पाण्याच्या बादल्या उभ्या होत्या. त्यात तांबं, निकेल आणि भरपूर ॲसिड. लोक हे गटारात ओततात. सोलापूरचं गटार शेवटी सीनेकडे जातं आणि सीना भीमेला. तांब्याचं पाणी माशांना अगदी थोड्या प्रमाणातही सोसत नाही.

ईटीपीच्या सुपरवायझरनं आधी नाक मुरडलं, मग त्यालाच उत्साह आला. पाण्यात लोखंडाचे जुने खिळे आणि पट्ट्या टाकल्या. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बाहेर पडतं, लालसर चिखल होऊन. तो वेगळा काढून धुऊन वाळवला. पाण्याचा रंग हिरव्याकडून फिकट गढूळ झाला. मग चुन्याची निवळी घालत सामू नऊपर्यंत नेला. लोखंड आणि निकेल हायड्रॉक्साइड होऊन खाली बसले, हिरवट-तपकिरी, घट्ट गाळ. वरच्या पाण्याची तपासणी करूनच त्यानं ते पुढच्या टाकीत घेतलं. गाळ आमच्या ईटीपीच्या गाळाबरोबर धोकादायक कचऱ्याच्या नोंदवहीत चढला. तो रांजणगावच्या सामाईक प्रक्रिया केंद्राकडे जातो, वजनाला पैसे भरून. या भागाला सोनं काढण्याइतकाच वेळ लागला, आणि त्याचा व्हिडिओ मला अजून कुठे दिसलेला नाही.

रवा मामांकडे आहे. नातीच्या कानातल्यात घालणार म्हणतात, पण सोनाराला सांगताना "कॉम्प्युटरचं" म्हणायचं नाही अशी मामींची ताकीद आहे.

मामेभावाच्या डोक्यात आता पुढचं. काळ्या चिपांच्या आत सोन्याच्या केसाएवढ्या तारा असतात, त्यांची पिशवी भरून त्यानं बाजूला ठेवली होती. आणि जुने सिरॅमिकचे प्रोसेसर. १९९५ च्या पेंटियम प्रोला तर भंगारातही मान आहे, तसा त्याला एकही सापडलेला नाही. चिपांचं मी स्पष्ट नाही म्हटलं. त्या आधी जाळाव्या लागतात, त्यातल्या प्लास्टिकमध्ये आग न लागू देणारी ब्रोमीनची रसायनं असतात, आणि तो धूर धुऊन सोडायची सोय आमच्याकडे नाही. आमचं हूड त्यासाठी बनलेलं नाही. ती पिशवी, बोटं कापलेल्या रॅमच्या पट्ट्या आणि सगळे मदरबोर्ड त्यानं नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे दिले. वजनपावती आली, पैसे अजून यायचे आहेत.